बाबांचा पंचा

ताप केव्हाच गेला, खोकला मात्र तीन आठवडे ठाण मांडून बसलाय. खोकलं की बरगड्यांत कळ येते. डॉक्टर तपासून म्हणाले, "खोकून खोकून स्नायू दुखावलेत. खोकताना छातीशी काहीतरी घट्ट धरत जा."

ऐकलं आणि माझी मान खाली गेली. बाबा असेच खोकायचे, छातीभोवती पंचा आवळून. एकदा पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, "बाबा, तो पंचा सोडा आधी. बरं दिसत नाही." त्यांनी निमूटपणे सोडला, घडी करून मांडीवर ठेवला आणि पुढची उबळ तोंड दाबून गिळली. मला त्यांचं दुखणं दिसलंच नाही, दिसला तो फक्त पंचा.

घरी येऊन तो शोधला. स्कूटरच्या डिकीत सापडला, तेलकट, काळा. बाबा गेल्यापासून मी ज्या फडक्यानं सीट पुसतोय, ते हेच.