पुल्लिंगी चंद्र

लेकीची कविता मी बिघडवली. नजरचुकीनं नव्हे, चष्मा लावून, हातात लाल पेन घेऊन, पूर्ण आत्मविश्वासानं.

आम्ही शारजात, रोल्लाला राहतो. बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नाइट ड्युटी करते, म्हणून पाचवीतल्या लेकीचा इंग्रजीचा गृहपाठ माझ्याकडे. मी मराठी माध्यमाचा. पण ऑफिसात इतकी वर्षं ईमेल लिहून आपलं इंग्रजी पक्कं झालंय, असा माझा समज.

निर्जीव वस्तूला माणूस कल्पून कविता लिहायची होती. लेकीनं चंद्रावर लिहिली. चंद्र रात्रभर काम करतो, सकाळी दमून येतो आणि पडदे ओढून झोपतो. कल्पना बरी होती, पण ओळीओळीत चंद्राला 'शी'!

"अगं, तो चंद्र. पुल्लिंगी. चांदोमामा म्हणतो ना आपण? मामा कधी बाई असतो का?"

"बट बाबा, इन माय पोएम शी इज अ शी."

"व्याकरण तुझं-माझं नसतं. यल्ला, चल, बदल सगळं."

ओठ घट्ट मिटून तिनं प्रत्येक 'शी'चा 'ही' केला. 'सी'शी जुळवलेलं यमकसुद्धा शाबूत राहिलं. मी स्वतःवर भलताच खूश.

शाळेनं सगळ्यांच्या कविता भिंतीवर लावल्या. पालकांना बोलावलं होतं, त्या दिवशी बायको ड्युटीवरून न झोपता थेट आली. लेक तिला चित्रांकडे ओढत होती. "आधी कविता बघ," म्हणणारा शहाणा मीच.

बायकोनं वाचली. "छान आहे गं. पण रात्रभर काम करणारा हा कोण? तुझे बाबा तर दहालाच घोरायला लागतात."

"इट वॉज यू, आई," लेक म्हणाली. "बाबा मेड यू अ ही."

बाजूला उभ्या असलेल्या तिच्या इंग्रजीच्या बाई हळूच म्हणाल्या, इंग्रजी कवितेत चंद्र बहुतेक वेळा 'शी'च असतो. बायकोनं कविता पुन्हा वाचली. मी मात्र गाडीत बसल्यावरही सुरूच, "तसं मराठी व्याकरणाप्रमाणे बघितलं तर..."

"अहो, खलास," बायको म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

मागच्या सीटवर लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुढचा गृहपाठ ती मला दाखवणार नाही, हे मला व्याकरणाशिवाय कळलं. सिग्नलला मी मागे वळलो.

"चुकलो गं. खोडण्याआधी विचारायला हवं होतं, ती कोण आहे. मला माफ कर."