दिवसाला चार

मी तापट बाई आहे, आधीच सांगून ठेवते. राग आला तरी आवाज चढतो आणि आनंद झाला तरी चढतो. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तो इतका चढला, की बाहेर नंबर लावून बसलेल्या बायका दारातून डोकावल्या. डोकावू देत! माझी पिशवी वाचली होती.

पण आधी टॉवेलचं सांगायला पाहिजे.

नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. काठ वाकडा गेला, धागा सुटला, की तो टॉवेल दुकानात जात नाही, आमच्या घरी येतो. आम्ही मूळचे तेलुगू, म्हणून सासूबाईंना मी अत्तम्मा म्हणते. अत्तम्मा त्या टॉवेलचे चार तुकडे करून कडा शिवायच्या. लग्नानंतर पहिल्याच पाळीला माझ्या हातात गठ्ठा ठेवून म्हणाल्या, "टॉवेलवाल्याच्या घरात बाजारचं पॅड कशाला गं? ह्ये घे." आणि तुकडे खरंच झकास होते. जाड, मऊ, कितीही धुवा.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर पाळी बिघडली. आठ-आठ दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या, ओटीपोटात असं पिळवटायचं की भिंतीला पाठ लावून बसून राहायची. जिना चढले की धाप. मी शाळेचे गणवेश शिवायला जाते, तिथं महिन्याला चार खाडे ठरलेलेच. डॉक्टर विचारायचे, "दिवसाला किती पॅड लागतात?" मी सांगायची, "चार." "मग ठीक आहे की," म्हणून ताकदीच्या गोळ्या लिहून द्यायचे. मी तरी खोटं कुठं बोलत होते? चारच लागायचे!

शेवटी एका डॉक्टरनं सांगून टाकलं, दोन मुलं झालीत, गर्भपिशवी काढा, कटकट मिटेल. अत्तम्मांची तर तिशीतच काढलेली. "माझी काढली, मी मेले का?" त्यांच्यापुढं कोण बोलणार! संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा झाली की ऑपरेशन, असं ठरलंसुद्धा. मला नको होतं. आणखी पोर हवं होतं म्हणून नाही. छत्तीस वर्षांची मी, माझ्या पोटातलं काय ठेवायचं नि काय काढायचं हे मला सोडून सगळ्यांनी ठरवावं? शिवाय अत्तम्मांचं ठाऊक होतं ना. ऐन तिशीत अंगातून वाफा निघायला लागल्या, कंबर गेली. पिशवीबरोबर आणखी काय काय काढलं, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हट्टानं दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनीही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं.

"चार? मग रक्त सातवर कसं आलं?" त्या रिपोर्ट खालीवर करून बघायला लागल्या. "पॅड कुठलं वापरता?"

पाळी चालूच होती, पर्समध्ये जादाचा तुकडा होता. घडी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती हातात घेऊन दाबून बघितली, बेसिनपाशी गेल्या आणि पेलाभर पाणी त्यावर ओतलं. थेंब खाली पडला नाही. दुसरा पेला ओतला. तोही गडप.

"अहो बाई," त्या म्हणाल्या, "हे चार?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आपला माल चांगला, हे आम्हाला ठाऊक होतं, पण इतका?

मग त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली. बारकीशी गाठ होती, भिण्यासारखं काही नाही. पिशवी काढणं हा शेवटचा उपाय, म्हणाल्या. त्याआधी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं एक छोटं साधन आहे, ते वर्षानुवर्षं थोडं थोडं औषध सोडत राहतं. लोहाच्या गोळ्या तर घ्यायच्याच. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आता काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मी! माझा आवाज चढला तो इथंच. शंभर प्रश्न विचारले आणि ते साधन बसवून घेतलं.

पहिले तीन महिने जीव खाल्ला त्यानं. रोज डाग, रोज चिडचिड. ऑपरेशन टाळलं म्हणून अत्तम्मा फुगलेल्याच होत्या, "बघ, सांगत हुते" चालूच. चौथ्या महिन्यात पाळी आली आणि दोन दिवसांत गेली. दिवसाला एक तुकडा, तोही निम्मा कोरडा! एक खाडा नाही. मी कामावरून आले ती ओरडतच. "अत्तम्मा, इकडं या!" मोरीत नेलं, कोरा तुकडा धरला आणि बाईंसारखे दोन पेले ओतून दाखवले. "बघा, हे मी एक म्हणून मोजत होते! म्हणून कुणाला कळलं नाही!"

अत्तम्मांनी तो ओला, जड तुकडा माझ्या हातातून घेतला. किती तरी वेळ हातातच तोलत राहिल्या.

"मलाबी इचारलं हुतं," त्या म्हणाल्या. "मी तीन सांगितले."

मी पेला खाली ठेवला.

त्यांनी तुकडा पिळला, दोरीवर टाकला, पदराला हात पुसले.

"उद्या मला ने तुझ्या बाईंकडं. काढलेली परत बसत न्हाय, ठाऊक हाय मला. पन काय काय काढलं, त्ये इचारायचं हाय."