मांडीवरच्या फोटोसाठी चिंचवड, चाकण, दिघी आणि सांगवी

एका फोटोसाठी एवढं हिंडतात का, असं वर्कशॉपमधल्या प्रत्येकानं मला विचारून झालं आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ज्यांना घरच्या माणसांचा फोटो उघड्यावर, चांगल्या उजेडात काढायचा आहे, त्यांना यातून दोन-चार जागा कळतील. बाकीच्यांनी आमची फजिती वाचून करमणूक करून घ्यावी.

दापोडीला रेल्वेच्या कडेला आमच्या दोन खोल्या आहेत. तिथं मी, माझी थोरली बहीण अक्का आणि तिची तीन वर्षांची शकू असे राहत होतो. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, औंधच्या बाजूच्या क्षयाच्या इस्पितळात होते. शकू रांगत होती तेव्हा ते गेले आणि ती धावायला लागल्यावर परत आले. डॉक्टरांनी सांगितलं, छाती स्वच्छ झाली, आता मुलीला खुशाल जवळ घ्या. ते ऐकलं आणि अक्का इस्पितळाच्या पायरीवरच मटकन बसली. मला वाटलं हिलाच काहीतरी झालं.

दाजींची आई बार्शीकडे खेड्यात असते. तिला कळवलं, पण तिचा विश्वास बसेना. त्या दुखण्यातून उठलेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता, आणि माझी समजूत घालायला खोटं सांगताय, असं तिचं म्हणणं. शकूला मांडीवर घेतलेला फोटो पाठवा, तर मानीन, म्हणाली. छातीच्या रोग्याच्या मांडीवर कोणी लेकरू देत नाही, हे ती पक्कं जाणून होती. तिचं चूक नव्हतं.

अडचण एवढीच, की शकू दाजींकडे जात नव्हती. भांडण नव्हतं तिचं काही. पाणी नेऊन द्यायची, चप्पल आणून ठेवायची, आणि त्यांना 'काका' म्हणायची. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, हे काका नाहीत, बाबा आहेत. ती मान डोलवायची आणि पुन्हा काकाच म्हणायची. दाजी हसून सोडून द्यायचे, पण त्यांचं जेवण कमी होत चाललं होतं. आजारी असताना जेवायचे त्यापेक्षा कमी.

पुण्यात एका स्टुडिओत नेऊन पाहिलं. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला आणि शकूनं असा सूर लावला की खाली रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले. तेव्हा ठरवलं, फोटो बाहेरच काढायचा. आमच्या फोरमनसाहेबांकडं बॉक्स कॅमेरा आहे. शंभर सूचना देऊन त्यांनी तो दोन दिवसांपुरता दिला. या कॅमेऱ्याच्या अटी दोनच. ऊन काढणाऱ्याच्या पाठीशी पाहिजे आणि समोरच्यानं हलायचं नाही. एका रोलमध्ये आठ फोटो, आणि रोल स्वस्त नसतो, तेव्हा उगाच बटण दाबत सुटू नये.

शनिवारी अर्ध्या सुट्टीनंतर चिंचवड गाठलं. दापोडीहून गाडीनं जाणं सोपं. स्टेशनापासून गाव बरंच आत आहे, लेकरू बरोबर असेल तर टांगा करावा आणि भाडं आधी ठरवावं. आम्ही ठरवलं नाही, मग टांगेवाल्यानं ठरवलं. मोरया गोसावींच्या देवळामागचा पवनेचा घाट मात्र फोटोसाठी नामी आहे. रुंद पायऱ्या, शांत पाणी, दुपारनंतर तिरपं ऊन. दाजी पायरीवर बसले. मी माझी जागा पकडली. अक्कानं शकूला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि ती फळीसारखी ताठ झाली. मग रडू. साधं नव्हे, घाटभर घुमेल असं.

"मला आईकडे जायचंय! काका, मला सोडा!"

शेजारी हार-दूर्वा विकणारी बाई बसली होती. ती म्हणाली, "अगं बाई, बापाला काका म्हणतीस व्हय?"

दाजींनी शकूला हळूच खाली ठेवलं. देवळातून आणलेला पेढा दिला. तो तिनं घेतला, खाल्ला, हात पुसला आणि अक्काच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या घाटावरच्या फोटोत नदी सुरेख आली आहे. शकूच्या जागी एक पांढरा फराटा आहे.

मी ठरवलं, दोष देवळातल्या गर्दीचा. रविवारी उजाडताच चाकण. नाशिकचा रस्ता जिथं फुटतो तिथं उभं राहिलं की एस.टी. मिळते, पण पहिल्या गाडीला जावं, नंतरच्या भरून येतात आणि हात दाखवला तरी थांबत नाहीत. भोसरी मागं पडली की दोन्ही बाजूंना नुसती शेतं. फाल्गुन होता, कांदा काढणी चालू होती, सगळ्या रस्त्याला कांद्याचा वास. दाजी खिडकीशी बसून तो वास छाती भरून घेत होते, आणि खोकला येत नव्हता. अक्का त्यांच्याकडं चोरून बघत होती. मीही बघत होतो. त्या एका गोष्टीसाठी एस.टी.चे धक्के मला गोड लागले.

चाकणचा किल्ला डोंगरावर नाही, भुईवर आहे, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनाही जमतो. बुरूज ढासळलेत, खंदकात गवत माजलंय, पण सकाळचं ऊन तटावर सरळ पडतं आणि मागं मोकळं आभाळ येतं. पोशाखी फोटोसाठी याहून चांगली जागा मी पाहिली नाही. खंदकापलीकडच्या रानात एक शेतकरी गाडीत कांदा भरत होता. शकू बैलांकडं बघत राहिली.

"या की पाव्हनं," तो म्हणाला. "पोरगीला बैल बगायचा दिसतोय. ये गं बया, बस हितं."

त्यानं गाडीवर बसून हात पुढं केले आणि आमची शकू, जी तीन आठवड्यांत बापाजवळ गेली नव्हती, ती त्या अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसली! वर त्याच्या मिशीला हात लावला.

"आमच्याकडं आली की लगेच!" तो खूश होऊन हसला. मग त्याचं लक्ष दाजींच्या चेहऱ्याकडं गेलं. त्यानं आधी दाजींकडं, मग अक्काकडं पाहिलं आणि काय समजला कोण जाणे, शकूला खाली उतरवलं. "बैलाची हौस हाय तिला, दुसरं काय न्हाई," असं म्हणाला.

त्याच्या बायकोनं आम्हाला सावलीत बसवून बाजरीची भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा दिला. पैसे घ्यायला तयार होईना. भाकरी चांगली होती. दाजींनी अर्धीच खाल्ली.

"वसंता, पुरे झालं आता," ते मला म्हणाले. "आईला लिही, फोटो जमत नाही."

मला राग आला. त्यांचा नाही, शकूचाही नाही. एवढं मरणाच्या दारातून माणूस परत आणायचा आणि घरातच तो परका, याचा राग. परतीच्या वाटेवर मी सगळ्यांना भोसरीला उतरवलं. दिघीच्या टेकाडावरून सगळा मुलूख दिसतो असं ऐकलं होतं, आणि उरलेला रोल मला वाया घालवायचा नव्हता. दुपारी तिकडं पायी जाऊ नये. सावली नाही, पाणी नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथली पुष्कळ जमीन लष्कराची आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कॅमेरा पोटाशी धरतो न धरतो तोच एक शिपाई पुढं आला.

"काय वो, पाटी दिसत न्हाई? हितं फोटू काढायची मनाई हाय. कोन तुमी?"

बोलण्यावरून कऱ्हाडकडचा वाटला. मी सांगितलं, घरचाच फोटो आहे, ही माझी बहीण, हे मेहुणे, ही भाची. तो जरा निवळला. खाली वाकून शकूला म्हणाला, "आणि ह्ये कोन तुजं? बाबा?"

"नाही," शकू म्हणाली. "काका."

शिपाई सरळ उभा राहिला. त्यानं अक्काकडं पाहिलं, दाजींकडं पाहिलं. अक्काचा चेहरा लालभडक झाला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"मग तुजं बाबा कुटं हायती?"

"नदीच्या पलीकडं," शकूनं सांगितलं. आणि दोन बोटांत वीतभरही नाही एवढं अंतर धरून दाखवलं. "एवढे आहेत."

मग अक्कानं तोंडाला पदर लावला आणि त्या उन्हात रस्त्यावरच खाली बसली.

कारण आम्हाला सगळ्यांना एकदम कळलं. इस्पितळात लहान मुलांना येऊ देत नसत. पण बरे होत आलेले पेशंट संध्याकाळी फिरायला नदीपर्यंत यायचे, म्हणून अक्का शकूला घेऊन सांगवीच्या काठावर जायची. कधी मीही असायचो. पलीकडच्या काठावर दाजी उभे राहून पंचा हलवायचे, आणि अक्का म्हणायची, 'ते बघ बाबा.' पोरीनं बाप पाहिला तो तेवढाच. बोटभर उंचीचा, नदीपलीकडं राहणारा. दाजी घरी आले त्या दिवशी आम्ही तिला 'बाबा आले' म्हणून ओरडून सांगितलं, तेव्हा ती त्यांच्या बाजूनं वाकून दाराबाहेर बघत होती. नंतर तिनं विचारलंही होतं, नदीवर कधी जायचं. आणि आम्ही शहाण्या माणसांनी सांगितलं, आता नदीवर जायची गरज नाही.

अक्कानं शिपायाला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो बिचारा विरघळला. "जावा, जावा," म्हणाला. "आत्ताच्या आत्ता जावा नदीवर."

भोसरीहून टांगा केला. काय घेतले ते विचारू नका. शकू वाटेतच अक्काच्या खांद्यावर झोपली. सांगवीला पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. तिथं नदीला उतार आहे, फाल्गुनात पाणी जेमतेम गुडघ्याला लागतं. काठावर धुणी वाळत होती, दोन म्हशी पाण्यात बसल्या होत्या. खरं सांगायचं तर फोटोची जागा म्हणून मी ती कोणालाही सुचवली नसती.

दाजी धोतर खोचायला लागले तशी अक्का घाबरली. "अहो, पाण्यात नका जाऊ. पुलावरून जा ना फिरून."

"डॉक्टरांनी मला बरा केलाय, काचेचा नाही केला," दाजी म्हणाले आणि पाण्यात उतरले.

शकू झोपलेलीच होती. दाजी पलीकडं पोचून उभे राहिले आणि आम्ही ती उठायची वाट बघत बसलो. उठवायची कोणाची हिंमत होईना. शेवटी एक म्हैस ओरडली आणि तिनं डोळे उघडले.

"आई, नदी!" मग तिची नजर पलीकडं गेली. तिकडं दाजींनी पंचा डोक्यावर गरगर फिरवला. "बाबा! मामा, ते बघ बाबा!" तिनं दोन्ही हात वर केले आणि उड्याच मारायला लागली.

अक्का तिच्याजवळ वाकली. ती म्हणाली, "बोलाव त्यांना इकडं."

शकू तिच्याकडं बघतच राहिली. असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. "येतील?"

"बोलाव तर."

"बाबा! इकडं या!"

दाजी पाण्यात उतरले. मधे एका गुळगुळीत दगडावरून पाय घसरला, सावरले. एकेका पावलाला ते मोठे होत होते आणि शकूचं ओरडणं कमी होत होतं. शेवटी ती गप्पच झाली आणि तिनं अक्काचं लुगडं मुठीत धरलं. दाजी काठाशी घोटाभर पाण्यात थांबले. हात पुढं केले नाहीत. शकूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग पलीकडच्या रिकाम्या काठाकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं.

"तिकडं कोण राहिलं?"

"कोणी नाही," दाजी म्हणाले.

"सगळे आलात?"

"सगळाच्या सगळा आलो."

तिनं जरा विचार केला. मग जवळच्या दगडाकडं बोट दाखवून म्हणाली, "बसा." ते बसले. ती त्यांच्या मांडीवर चढली, ओल्या धोतराची तक्रार केली आणि बसून राहिली.

ऊन नदीच्या बाजूनं येत होतं, म्हणजे माझ्या समोरून. त्यांना उठवायचा प्रश्नच नव्हता. मी बूट-मोज्यांसकट पाण्यात गेलो, ऊन पाठीशी घेतलं आणि कॅमेऱ्यात पाहिलं, तर सगळं अंधुक. भिंग पुसलं, तरी अंधुक. मला रडू आलं होतं, दुसरं काही नाही. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून बटण दाबलं. अक्काला शेजारी बसवून उरलेला रोल तिथंच संपवला.

फोटो पुढच्या शनिवारी हातात आले. मागं वाळत घातलेली लुगडी आहेत, एका म्हशीची पाठ आहे, आणि पुढं माझी लांबलचक सावली थेट दाजींच्या पायांपर्यंत गेली आहे. फोरमनसाहेबांनी त्यातल्या चुका मोजून दाखवल्या. आम्ही बार्शीला तोच पाठवला. दाजींच्या आईनं तो गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला असं उत्तर आलं आहे, आणि आता ती पोरीच्या मापाचं झबलं शिवते आहे.

तुम्हाला जायचं असेल तर चिंचवडचा घाट दुपारनंतर, चाकणचा तट सकाळी, आणि दिघीला कॅमेरा नेऊच नका. सांगवीला जायचं तर जुने बूट घाला. माझे अजून वाळले नाहीत.

सांगवीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दाजींची आजारपणाची रजा संपली. सकाळी डबा घेऊन ते दाराबाहेर पडले आणि शकूनं चिंचवडच्या घाटावर लावला होता तोच सूर लावला. "बाबा, जाऊ नका!" अक्का तिला उचलून आत न्यायला धावली. दाजींना उशीर झाला होता, तिकडं कारखान्याचा भोंगा वाजत होता. तरी ते उंबऱ्याशी उभेच राहिले.

"नको नेऊस आत," ते अक्काला म्हणाले. "जरा रडू दे तिला."