पाचवी कमान

‘हेरिटेज’ हा शब्द कुणी उच्चारला की हल्ली माझं डोकं फिरतं. अकरा वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात जुन्या इमारतींचे नकाशे काढून मी पोट भरलं, तरीही.

आमच्या घोडपदेवच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर एक जुनी मशीद आहे. मुघल घडणीची, दगडी. दर्शनी बाजूला ओळीने पाच कमानी, प्रत्येकीची आतली कड पाकळ्यापाकळ्यांनी कोरलेली. शाळेत जाता-येता ती मी रोज पाहिली आणि पाहिली म्हणजे कळली, असं धरून चालले. दुरुस्तीआधी तिची मापं घ्यायचं काम ऑफिसकडे आलं, तेव्हा साहेबांनी ते मला दिलं. म्हणाले, “तुझ्याच एरियातली आहे. एक कमान नीट मोज, बाकीच्या कॉपी मार.” आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. एक काढायची, कॉम्प्युटरवर चार वेळा चिकटवायची आणि मोकळं व्हायचं.

मशिदीची देखभाल करणारे चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. मी टेप गुंडाळत असताना जवळ येऊन म्हणाले, “ती हौदाकडची पण मोज गो. तिला सातच पाकळ्या आहेत. बाकीच्यांना नऊ.” मी “हो चाचा” म्हटलं आणि मोजली नाही. दुपारचे दोन वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते. म्हातारी माणसं बोलतात काहीतरी, असं वाटलं मला. त्याची आज जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

दोन वर्षांनी काम सुरू झाल्याचं कळलं म्हणून मी हौसेने बघायला गेले. पाचवी कमान उतरवलेली होती. तिचे दगड हौदापाशी ढिगाने पडले होते आणि एक कारागीर शेजारच्या मूळ खांबाची कड छिन्नीने तासत होता. नऊ पाकळ्यांची नवी कमान तिथे मावत नव्हती. कशी मावेल? हौदामुळे जुन्या गवंड्याला जागाच कमी मिळाली होती. त्याने दोन पाकळ्या गाळल्या, पण प्रत्येक पाकळी इतर कमानींएवढीच ठेवली, म्हणून दुरून फरक कळत नव्हता. लहानपणापासून बघूनही मला कळला नव्हता. आणि असलं डोकं चालवणाऱ्या माणसाचा खांब आम्ही माझ्या चुकीच्या मापाला बसावा म्हणून तासत होतो.

“बंद करा हे आधी,” मी ओरडले. कॉन्ट्रॅक्टरने शांतपणे नकाशा उलगडला. “मॅडम, ड्रॉइंगप्रमाणेच चाललंय. ही सही तुमचीच ना?”

सही माझीच होती. साहेबांना फोन केला, तर म्हणाले, “पाचही सारख्या होतील, उलट चांगलंच दिसेल.” मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती नोकरी तिथेच संपली.

मग मी ढिगातले पाकळ्यांचे दगड ओढून काढले, फरशीवर ओळीने मांडले आणि टेप लावली. सातच होत्या. चाचा बाजूला उभे राहून बघत होते.

“आता मोजून काय करतेस गो?” त्यांनी विचारलं.

आवाजात जरासुद्धा राग नव्हता. निदान त्यांनी तरी मला शिव्या घालायला हव्या होत्या.