कुंदानं जेवू घातलेली धामण

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही. देवापुढे हात जोडले की तिथंसुद्धा मी दुसरंच काहीतरी मागत राहायचो. मग आता तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — लपवायचा कंटाळा आलाय. दुसरं काही कारण नाही.

सुरुवात एका धामणीपासून करावी लागेल. दोष तिचा नव्हता — पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. आम्ही पापडीला राहायचो. घरामागे केळीची बाग, थोडी पानवेल, एक विहीर. घरात आई, मी आणि कुंदा. कुंदा म्हणजे माझी बायको, माहेर आगाशीचं, नुकतीच लग्न होऊन आलेली. वडील आधीच गेले होते. मी शाळेत शास्त्र शिकवायचो आणि स्वतःला फार पुढारलेला समजायचो. लोकांच्या मनातली सापाची भीती घालवायची, असं काहीतरी डोक्यात होतं. की लोकांनी आपल्याला धीट म्हणावं, एवढंच होतं? आता वाटतं, एवढंच असावं.

गणपती होऊन गेले होते. बागेतला खताचा ढीग उपसताना धामणीचं पिल्लू सापडलं. करंगळीएवढं जाड, हातभर लांब, अंगावर फिकट पट्टे. धामण बिनविषारी, हे मला ठाऊक होतं. मी ते घरी आणलं. चहाचं एक रिकामं खोकं होतं, त्याला वरून बारीक जाळीचं झाकण केलं, झाकणाला कडी बसवली आणि खोकं मागच्या पडवीत ठेवलं.

आई दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "ठेव. तू ऐकणार थोडाच आहेस? पण एक सांगते, हे जनावर घरात फिरताना दिसलं तर जबाबदार तू."

"जबाबदारी माझी," मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

पिल्लू काही खाईना. बावखलाच्या, म्हणजे बागेजवळच्या तळ्याच्या, काठावरून लहान बेडूक पकडून आणायचो आणि खोक्यात सोडून वरून बघत बसायचो. शाळेतले दोघे-तिघे, शेजारचे, जो येईल त्याला झाकण उघडून दाखवायचो, हातात घ्यायचो. ते फुत्कारायचं, कोपऱ्यात गुंडाळून बसायचं, जाळीवर नाक घासायचं. नाक सोलवटलं होतं. बेडूक तसाच राहायचा. आठवडा गेला, दुसराही गेला. पिल्लू वाळायला लागलं आणि मी चिडायला लागलो — त्याच्यावरच!

कुंदाला सापाची भयंकर भीती. पडवीतून जाताना ती भिंतीला चिकटून जायची. पण एक दिवस तीच म्हणाली, "त्याला जरा एकटं सोडा ना. मी नवीन आले तेव्हा मलासुद्धा घास गिळत नव्हता. सगळे माझ्या ताटाकडे बघत बसायचे."

मी हसलो. मला आत्ता आठवतं ते हे, की मी हसलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर खोक्यावर गोणपाट टाकलेलं. आत एक फुटकं कौल पालथं घातलेलं, म्हणजे पिल्लाला खाली लपता यावं. पाण्याची वाटी. माझ्या नकळत तिनं हे केलं होतं, भीत भीत केलं असणार. तीन-चार दिवस तिनं मला झाकणाला हात लावू दिला नाही. मग एका संध्याकाळी तिनं चिमट्यात धरून एक बारकी बेडकी आत सोडली, गोणपाट ओढलं आणि चुलीपाशी निघून गेली. तासाभरानं पाहिलं तर बेडकी नव्हती आणि कौलाखाली पिल्लाचं पोट फुगलेलं होतं. कुंदानं टाळ्या वाजवल्या. लहान मुलीसारख्या.

शाळेत मी काय सांगितलं असेल? मी पिल्लाला अंधार दिला, मी त्याला शांतता दिली, मग त्यानं खाल्लं. मी, मी, मी. कुंदाचं नावही घेतलं नाही. — पण हा माझा गुन्हा नव्हे. एवढाच असता तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता?

त्यानंतर पिल्लाचं खाणंपिणं कुंदाच बघायची. पिल्लाची धामण झाली. कुंदाची भीती गेली, पाणी बदलताना ती तिच्याशी बोलायचीसुद्धा. त्याच सुमारास कुंदाला तुळिंजला नव्या बालवाडीत शिकवायला बोलावणं आलं. जूनपासून जायचं होतं. तिनं दोन साड्या त्यासाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या.

मे महिन्यात मोठ्या सरांचे मुंबईचे पाहुणे शाळेकडे आले होते. साप पाळणारे मास्तर बघायला सर त्यांना आमच्याकडे घेऊन आले. कुंदा तेव्हा विहिरीवर धुणं धूत होती, आई आत आडवी झाली होती. मी खोकं उघडलं, धामण बाहेर काढली, हातावर घेतली. पाहुण्यांमधल्या बाई किंचाळल्या, मला बरं वाटलं. मग मी धामण आत ठेवली, झाकण टाकलं आणि बोलत बोलत त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो.

कडी लावली नाही.

विसरलो — हा शब्द मी मनात अनेकदा वापरून पाहिला. विसरलो असेनही. पण फाटकातून परत येताना मला आठवलं होतं. आठवलं, आणि वाटलं, बघू चहा झाल्यावर.

चहा होईपर्यंत आई उठून न्हाणीकडे गेली. धामण न्हाणीच्या लाकडांमागे शिरली होती. ती आईच्या पायाजवळून सळसळत निघाली. आई दचकून मागे सरली आणि दगडी उंबऱ्यावर पडली. तो आवाज — नको. खुब्याचं हाड मोडलं होतं.

शेजारी धावत आले. कुणीतरी काठीनं धामणीला ठेचलं. ती बिनविषारी आहे, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. आईला बाजेवर घालताना शेजारचे काका माझ्याकडे वळले. "खोकं उघडं कुणी टाकलं रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कुंदाही, ओल्या हातांनी.

मी म्हणालो, "सकाळी कुंदानं तिला खायला घातलं होतं."

बस. एवढंच. वाक्य खरं होतं. सकाळी तिनं घातलंच होतं खायला. त्यानंतर तिनं कडी लावली होती, ती मी स्वतःच्या हातानं काढली होती — हे मी बोललो नाही.

कुंदा आपल्या हातांकडे बघत राहिली. म्हणाली, "लावली होती कडी... लावली असेन. आता आठवत नाही." माझ्या डोळ्यांदेखत तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला.

आईचं मुंबईत ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा धड चालली नाही. पुढे तर अंथरुणालाच खिळली. कितीतरी वर्षं. तिला उठवणं, बसवणं, धुणंपुसणं, भरवणं — सगळं कुंदानं केलं. बालवाडीला तिनं स्वतःच नाही कळवलं. मी म्हटलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नव्हतं, हेच तर! आई दुष्ट नव्हती. भेटायला येणाऱ्याला ती सांगायची, "आमच्या कुंदाच्या हातून झालं हो. मुद्दाम नाही केलं पोरीनं." आणि कुंदा मान खाली घालून चहाचे कप उचलायची. मी तिथंच खुर्चीवर बसलेला असायचो.

शाळेत मात्र मी पूर्वीसारखाच होतो. मुलं धामणीबद्दल विचारायची, तर म्हणायचो, घरच्यांच्या निष्काळजीपणानं गेली.

आई गेली, तिचे दिवस झाले. घर रिकामं झालं. एका दुपारी कुंदा तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "अहो, एक विचारू? त्या दिवशी मी विहिरीवर होते तेव्हा पाहुणे आले होते ना? तुम्ही त्यांना खोकं उघडून दाखवलं होतं का हो?"

इतकी वर्षं तिनं हे मनात धरून ठेवलं होतं. आई असेपर्यंत विचारलं नाही, आईसमोर मी खोटा पडू नये म्हणून. आता घरात आम्ही दोघंच होतो. मुलगी शाळेत गेलेली. कुणी ऐकणार नव्हतं. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? ती रडली असती, भांडली असती, कदाचित माहेरी गेली असती. तिचा तो हक्क होता.

मी म्हणालो, "नाही. त्यांनी जाळीतूनच बघितलं."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग मीच." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. पण त्या दुपारी मला कसली भीती होती? मला कुणीही काहीही करणार नव्हतं. फक्त तिच्या नजरेतून मी उतरलो असतो. तेवढं टाळण्यासाठी मी तिला उरलेलं आयुष्य त्या चुकीखाली ठेवलं. त्यानंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही.

कुंदाला जाऊन आता दोन वर्षं होतील. आजारी होती तेव्हा मी रोज तिच्या उशाशी बसायचो. रोज बोलता आलं असतं. तिला औषध द्यायचो, पेपर वाचून दाखवायचो.

तिच्या दिवसांना घरात माणसं जमली होती. मुलगी आईबद्दल बोलायला उभी राहिली. छान बोलली. म्हणाली, "आईच्या हातून तरुणपणी एक चूक झाली. दुसऱ्या कुणी सबबी सांगितल्या असत्या. तिनं ती कबूल केली आणि आजीची सेवा करून निस्तरली." बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही डोलावली.