नाकापायी आलेली देवी

माझं नाक लहानपणी रहाटाच्या दांड्यानं मोडलं आणि जसं बसलं तसंच राहिलं, जरा डावीकडं कललेलं. शाळेत मला नावानं हाक मारली जायची ती फक्त हजेरी घेताना. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. या अव्वाला 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण भारी आवडायची. अगं, मी नकटी नाही, वाकडी आहे, असं कितीदा सांगितलं तरी तिच्या डोक्यात शिरायचं नाही.

लातूर जिल्हा झाला, भराभर कचेऱ्या उघडल्या आणि त्यातल्या एकीत मला टायपिस्टची नोकरी लागली. तिथं सगळे बाहेरगावचे येणार होते. माझं जुनं नाक त्यांच्यातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. रुजू व्हायला थोडा अवकाश होता, म्हणून मी वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या मागं लकडा लावला आणि सोलापूरला मामाकडं राहून ऑपरेशन करून घेतलं. परतीच्या एसटीत तोंडावर पदर ओढून बसले होते. औशाच्या स्टँडवर चढलेली एक बाई मला नवी नवरी समजली आणि सासर कुठलं, सासर कुठलं, म्हणून उतरेपर्यंत विचारत राहिली.

नाकावर प्लॅस्टर, डोळ्यांभोवती काळंनिळं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, जोरात हसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अव्वाचा नियम एकच, पण सगळ्यांत कडक: प्लॅस्टर निघेपर्यंत कुणाच्या नजरेला पडायचं नाही. पोरीनं नाक बनवून घेतलं ही बातमी फुटली असती तर माझ्याआधी तीच कचेरीत रुजू झाली असती. पडली म्हणून सांगावं, तर सगळी गल्ली फळं घेऊन बघायला आली असती. अव्वानं डोकं चालवलं. दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले आणि पाण्याच्या टँकरपाशी सांगून आली की पोरीला देवी निघाली. त्या उन्हाळ्यात गावात कांजिण्यांची साथ होतीच आणि त्यांनाही आमच्याकडं देवीच म्हणत, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. देवीच्या घरात बाहेरचं माणूस पाऊल टाकत नाही. मलाही तेव्हा अव्वाच्या अकलेचं कौतुक वाटलं.

पण देवी घरात आणली की तिची शिस्तही पाळावी लागते. फोडणी बंद. फोडणीचा वास देवीला खपत नाही, आणि आमच्या चुलीपुढचं सगळ्या गल्लीला वासानं कळायचं. मिरचीच्या ठेच्यावर वाढलेली मी, सकाळ-संध्याकाळ दहीभात गिळत होते. झोपायचं ते उशांची उतरंड करून, त्यामुळं झोपही धड नाही. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून परत मधल्या खोलीत, अशा येरझाऱ्या घालून जमीन झिजवली. शिंक येईल या भीतीनं अप्पांना विभूतीचा डबासुद्धा माझ्यासमोर उघडू देत नव्हते. आरसा अव्वानं कपाटावर ठेवून दिला होता. तो काढायला मी स्टुलावर चढले, तोंड पाहिलं आणि रडले. रडल्यावर नाक भरलं, ते शिंकरायची बंदी, म्हणून आणखी चिडले.

या सगळ्यात मला खरं छळलं ते पाण्यानं. जिल्हा झाला नि पाणी गेलं, असं लोक म्हणायचे. विहिरींना तळ दिसत होता. टँकर आला की कळशांना कळशा भिडायच्या. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली देवीचा शेंदरी दगड होता. आमच्या गल्लीची रीत अशी, की ज्या घरात देवी आली त्यानं दगडाला पाणी घालायचं नाही, शेजाऱ्यांनी घालायचं, म्हणजे देवी थंड होऊन मुकाट्यानं निघून जाते. बाकीच्या बाया येता-जाता चूळभर पाणी टाकायच्या. समोरची वहिनी मात्र रोज सकाळी कळशी नेऊन ओतायची. तिची मुलगी अजून रांगत होती. देवी आमच्याच घरून परत जावी, रस्ता ओलांडून आपल्या लेकराकडं येऊ नये, हा तिचा जिवाचा आटापिटा होता. आणि अंघोळीला पाणी उरत नाही म्हणून त्या लेकराला ती ओल्या फडक्यानं पुसून घेताना मला खिडकीच्या फटीतून दिसायची.

मी अव्वाला म्हटलं, तिला थांबव. देवीला पाणी घालू नको असं कसं सांगू, म्हणून अव्वा माझ्यावरच उखडली. मग देवी गेली म्हणून सांग, म्हटलं, तर तेही जमेना, कारण प्लॅस्टर निघाल्याशिवाय देवीला जाता येत नव्हतं. मला स्वतःच्या नाकाचा संताप यायला लागला.

एका सकाळी वहिनी पाणी घालायला आलीच नाही. दुपारी तिच्या दाराला डहाळे दिसले. लेकराच्या अंगावर फोड उठले होते. अव्वा बाहेरून ही बातमी घेऊन आली आणि देवापुढं बसली.

"बोलावली खोटी, अन् आली खरी," ती म्हणाली.

साथ आहे, घरोघर कांजिण्या आहेत, असं मी तिला समजावलं. मला ते कळत होतं, तरी मी परत परत खिडकीच्या फटीशी जात होते. आता वहिनीच्या लेकरासाठी दगडाला पाणी कोण घालणार? रीतीनं ते आम्हा शेजाऱ्यांचं काम, पण गल्लीच्या लेखी देवी आमच्याही घरात होती. अव्वा म्हणाली, टँकरची गर्दी पांगली की मी हळूच घालून येते. हळूच, हा शब्द मला झोंबला. मी कळशी घेतली, वजन नको म्हणून अर्धीच भरली, आणि टँकर उभा असतानाच तोंडावर पदर न घेता बाहेर पडले. रांगेतली भांडणं एकाएकी बंद झाली.

वहिनी लेकराला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिनं माझं प्लॅस्टर पाहिलं. मग गाल, गळा, हात, सगळीकडं फोड शोधले.

"तुला देवी न्हाई निघाली?"

"न्हाई वहिनी. नाक सरळ करून घेतलंय."

तिनं कडुनिंबाखालच्या दगडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग इतके दिस म्या पाणी कुणाला घातलं?"

मी एवढंच म्हणाले, की लेकरू बरं होईपर्यंत रोजचं पाणी मी घालीन. तिनं लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पायरी उतरली आणि माझ्या कळशीत डोकावली.

"म्या भरून नेत व्हते," ती म्हणाली.

मी तशीच घरी परतले. अव्वा दारातच उभी होती. तिनं माझ्या हातातून कळशी घेतली आणि काठोकाठ भरून दिली.