हवेतल्या पाण्याची रेषा

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी पेणच्या पापडांवरच बोलत राहीन.

पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ॲसेटिक आम्लाची वाफ बंद नळीत भरून तपासत होतो. वाफेतही त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी दोन-दोन जोडलेले असतात. ही जोडी किंचित डुलते, त्या डुलण्याशी जुळणारे टेराहर्ट्झ किरण शोषते आणि आलेखावर रेषा उमटते. मला एक नवी रेषा सापडली. मी शोधनिबंध छापला. माझी विद्यार्थिनी वासंती म्हणाली, "सर, ही नळीबाहेरच्या हवेतल्या पाण्याची आहे." किरणांची वाट कोरडी ठेवणारा नायट्रोजन मीच काटकसरीने बंद ठेवला होता. तरी भर चर्चासत्रात मी म्हणालो, "तुझी नळी गळते." तिने पीएच.डी. सोडली आणि ती रोह्याला घरी गेली. परवा रिकाम्या नळीतही तीच रेषा आली.

म्हणून एसटी धरली. पेणला उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. इथल्या हवेत एवढं पाणी, आणि माझ्या निबंधात त्याचा उल्लेखही नाही.

रोह्याच्या गाडीत समोर जोहे गावच्या एक बाई मांडीवर कच्चा (न रंगवलेला) गणपती घेऊन बसल्या होत्या. काय काम करता, असं त्यांनी विचारलं. मी जोडीचं सगळं सांगितलं.

"मंग ती जोडी सुटते कदी?"

"तापवली की."

"त्यात शोधायचं काय हाय? आमच्या घरात रोज बघते मी."

वाटेत कासूला त्यांनी मला ताडगोळा (ताडाचं रसाळ फळ) दिला. मी तो चावला आणि पाण्याची चिळकांडी थेट गणपतीच्या सोंडेवर उडाली.

"माफ करा हं!"

"ऱ्हाऊ द्या. रंग बाकी हाय."

म्हणजे 'माफ' हा शब्द मला येत होता.

रोह्यात वासंतीने दार उघडलं. मला नखशिखान्त बघून म्हणाली, "घामाघूम झालात सर. आमच्या हवेत पाणी असतं. मी सांगितलं होतं."

"वासंती, माझं—"

"इथे नको. मला ते तेव्हापासून माहीत आहे. जिथे बोललात, तिथे बोला. परत यायचं की नाही, ते मग ठरवीन."

तिच्या आईने कोलंबीभात वाढला. मी दोनदा घेतला, याचीही मला लाज वाटते.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. रोह्याच्या हवेला बोल लावण्यात अर्थ नव्हता. पुण्यातही पाणी होतंच, मी ते हिशेबात धरलं नव्हतं.

पुढच्या चर्चासत्राला वासंती येऊन मागच्या बाकावर बसली. मी उभा राहिलो.

"ती रेषा आम्लाच्या जोडीची नाही, हवेतल्या पाण्याची आहे. नायट्रोजन मी बंद ठेवला होता. वासंतीची नळी कधीच गळत नव्हती. वासंती, मला माफ कर."